स्टडीसाठी घेतलेल्या रक्ताचं पुढे काय होतं?

मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तुम्ही कधी जुनाट दम्यासाठी किंवा किडनीच्या आजारासाठी दाखल झाला असाल, तर हा अनुभव तुम्हाला आला असण्याची शक्यता बरीच आहे. सकाळी रक्त घ्यायला आलेला तरुण डॉक्टर म्हणतो, "काका, एक ट्यूब जास्त घेतोय, स्टडीसाठी." एका कागदावर सही किंवा अंगठा होतो. त्या जादा ट्यूबचा रिपोर्ट बहुतेकांच्या हातात पडत नाही. त्या स्टडीतून काय निघालं, हेही पुढे कुणी कळवत नाही.

या स्टडीबद्दल आज थोडं कडवट लिहिणार आहे. माझे काही प्राध्यापक मित्र रागावतील. रागावू द्या.

आधी हे नेमकं काय असतं ते सांगतो. एमडी करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला तीन वर्षांत एक प्रबंध लिहावा लागतो. आम्ही त्याला थिसिस म्हणतो. विषय पहिल्या काही महिन्यांतच द्यायचा असतो. मुलगा किंवा मुलगी तेव्हा छत्तीस तासांची ड्युटी करून वॉर्डात उभ्याउभ्या झोपत असते. मग विषय असा निवडला जातो की पेशंट हाताशी असावेत, तपासणी एकदाच करावी लागावी आणि पुन्हा कुणाला बोलवावं लागू नये. मेडिसिनच्या वॉर्डात बारा महिने हाताशी असलेले पेशंट कोण? सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेले, आणि किडनी हळूहळू निकामी होत चाललेले. म्हणून या दोघांच्या वाट्याला स्टडी सर्वांत जास्त येतात.

विषयांचे मथळे साधारण असे असतात: सीओपीडीच्या पेशंटमध्ये रक्तातील मॅग्नेशियमची पातळी. किडनीच्या पेशंटमध्ये थायरॉइडचे बिघाड. सीओपीडीत इको तपासणीत दिसणारे बदल. किडनीच्या आजारात युरिक अ‍ॅसिड. पन्नास-साठ पेशंट, एकदाच घेतलेलं रक्त, दोन-चार तक्ते आणि शेवटी ठरलेलं वाक्य: आजार जितका जास्त, तितकी पातळी बिघडलेली, याबाबत मोठ्या अभ्यासाची गरज आहे. तो मोठा अभ्यास सहसा होत नाही. पुढच्या बॅचला दुसऱ्या कॉलेजात तोच विषय मिळतो, फक्त मॅग्नेशियमच्या जागी झिंक येतं.

यात खोटं काही नसतं, पण त्यातून हाती काही लागत नाही. जो माणूस महिनोन्महिने धापा टाकतोय, नीट जेवत नाहीये, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेतोय, त्याचं मॅग्नेशियम कमी असणारच. ते कमी आहे म्हणून आजार वाढला, की आजार वाढला म्हणून ते कमी झालं, हे एका दिवशी घेतलेल्या एका ट्यूबवरून कळत नाही. त्यासाठी पेशंटचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावे लागतात. एका गटाला उपचार, दुसऱ्याला नाही, आणि मग वर्षभर पाहायचं की कोण कमी वेळा अ‍ॅडमिट झालं, कोण जगलं. अशा अभ्यासाला चाचणी म्हणतात. ती कष्टाची असते, पण पेशंटच्या कामाची तीच असते.

"परदेशात हे सगळं झालंय की, तेच वापरू," असं अनेक जण म्हणतात. इथेच खरी अडचण आहे.

सीओपीडीचं घ्या. या आजारावरच्या इन्हेलरच्या ज्या दोन मोठ्या चाचण्यांचा दाखला आम्हाला वर्षानुवर्षं दिला गेला, त्या म्हणजे २००७ ची टॉर्च (६,११२ पेशंट) आणि २००८ ची अपलिफ्ट (५,९९३ पेशंट). दोन्हींत सामील होण्याची एक अट अशी होती: पेशंट सिगारेट ओढणारा किंवा पूर्वी ओढलेला असला पाहिजे आणि त्याचं धूम्रपान किमान दहा 'पॅक-वर्षं' झालेलं असलं पाहिजे, म्हणजे रोज वीस सिगारेटी याप्रमाणे दहा वर्षं. आता गावाकडची मावशी डोळ्यासमोर आणा. बिडी-सिगारेटला हात लावलेला नाही. चाळीस वर्षं चुलीपुढे बसून गोवऱ्या आणि तुराट्यांचा धूर घेतलाय, आणि आता चार पायऱ्या चढली की थांबते. या मावशीला त्या चाचण्यांत प्रवेशच नव्हता. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहून जगाचं लक्ष याकडे वेधलं: धूम्रपान करणारे सुमारे शंभर कोटी, तर चुलीच्या, जळणाच्या धुराला सामोरे जाणारे सुमारे तीनशे कोटी. चुलीच्या धुराने होणाऱ्या सीओपीडीत श्वासनलिका जास्त जाड होतात आणि फुप्फुसातले फुगे तुलनेने कमी फाटतात, असं मेक्सिकोतल्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे नाव एक असलं तरी आजार हुबेहूब तोच नाही. शिवाय टॉर्चमध्ये स्टिरॉइडयुक्त इन्हेलर घेणाऱ्यांना न्यूमोनिया जास्त झाला: एकत्रित औषधाच्या गटात १९.६ टक्के, औषध नसलेल्या गटात १२.३ टक्के. टीबी घरोघरी असलेल्या देशात चुलीवाल्या मावशीला कोणता इन्हेलर जास्त फायद्याचा आणि कोणता जोखमीचा, हा प्रश्न आपणच विचारायला हवा. भारतात सीओपीडीचे रुग्ण साडेपाच कोटींच्या घरात असल्याचा अंदाज २०१६ च्या आकड्यांवरून काढला गेला आहे. पेशंट कमी आहेत ही सबब इथे चालत नाही.

दुसरं उदाहरण खिशाशी निगडित आहे. थिओफायलिन आणि त्याच्या जवळचं डॉक्सोफायलिन या गोळ्या आपल्याकडे सीओपीडीच्या चिठ्ठीवर सर्रास असतात. ब्रिटनमध्ये सरकारी पैशातून एक चाचणी झाली आणि २०१८ मध्ये तिचा निकाल आला. दीड हजारांहून जास्त पेशंट, वर्षभर, इन्हेलरसोबत कमी डोसचं थिओफायलिन किंवा दिसायला तशीच खोटी गोळी. वर्षभरात दम उफाळण्याचं सरासरी प्रमाण थिओफायलिनच्या गटात २.२४ आणि खोट्या गोळीच्या गटात २.२३ निघालं. म्हणजे त्या डोसला फायदा शून्य. आता तुम्ही विचाराल, डॉक्सोफायलिनचं काय? ज्यांना इन्हेलर परवडत नाही, ज्यांचा इन्हेलर महिन्यातले पंधरा दिवस रिकामा असतो, त्यांना गोळीचा फायदा होतो का? हा आपला प्रश्न आहे. गोळी आपण लिहितो, पैसे आपले पेशंट देतात. मग ब्रिटनने ती चाचणी का करावी? (हे वाचून कुणी आपली गोळी आपल्या मनाने बंद करू नये. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा.)

किडनीकडे आलं की चित्र आणखी ठळक होतं. दर वेळी डायलिसिस किती करावं, यावर अमेरिकेत २००२ साली हेमो नावाची चाचणी झाली. १,८४६ पेशंट होते, सगळ्यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, आणि दर वेळी रक्त नेहमीइतकं स्वच्छ करायचं की त्याहून जास्त, हा प्रश्न होता. जास्त केल्याने जगण्याचं प्रमाण वाढलं नाही. ठीक. पण आपल्याकडे असंख्य पेशंट आठवड्यातून दोनदाच डायलिसिस करतात. सोमवार-गुरुवार किंवा मंगळवार-शुक्रवार. योजनेतून डायलिसिस मोफत झालं तरी तालुक्याहून जिल्ह्याला जायचं भाडं, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज, हे कुठल्याच योजनेत नसतं. ज्यांना अजून थोडी लघवी होते त्यांना दोनदा पुरतं का? कुणाला पुरतं, कुणाला अजिबात नाही, आणि तिसऱ्या दिवसाची जास्त गरज नेमकी कुणाला आहे? जिथे सगळेच तीनदा करतात तिथे हा प्रश्न पडणार नाही. तो इथेच पडतो आणि त्यावर मोठी, निर्विवाद चाचणी इथूनच यायला हवी होती. त्याऐवजी आपण त्या पेशंटचं थायरॉइड मोजतो.

किडनीच्या पेशंटवर स्वतंत्र चाचण्या का लागतात, याचे पुरावे ढीगभर आहेत. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्या हृदयविकार टाळतात, हे सिद्ध झालेलं आहे. पण जर्मनीत डायलिसिसवरच्या १,२५५ मधुमेही पेशंटवर त्या तपासल्या, तेव्हा २००५ साली निकाल आला की ठळक फायदा नाही. किडनीच्या पेशंटचं हिमोग्लोबिन इंजेक्शनने तेरापर्यंत न्यावं, म्हणजे त्यांना बरं वाटेल, असं सगळ्यांना पटत होतं. २००९ ची ट्रीट चाचणी झाली, ४,०३८ पेशंट, आणि इंजेक्शनच्या गटात पक्षाघात जवळजवळ दुप्पट निघाले. तेव्हापासून आम्ही हिमोग्लोबिन साधारण दहा-अकरावरच ठेवतो. २०२० मध्ये गंभीर किडनीविकार आणि सोबत हृदयाच्या स्थिर ब्लॉकेजचा आजार असलेल्या ७७७ पेशंटवर चाचणी झाली. तीत भारतातले पेशंटही होते. अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे अँजिओप्लास्टी किंवा बायपास, विरुद्ध आधी फक्त औषधं. तीन वर्षांत मृत्यू किंवा हार्ट अ‍ॅटॅक: ३६.४ टक्के आणि ३६.७ टक्के. फरक नाही. तुमच्या वडिलांचं क्रिएटिनिन सहा असेल, छातीत दुखणं वाढलेलं नसेल आणि कुणी तातडीने स्टेंट टाकायला सांगत असेल, तर ही चाचणी त्यांना लाखो रुपये आणि बराच त्रास वाचवू शकते. चांगल्या संशोधनाचा उपयोग असा असतो.

"आपल्याकडे असलं जमत नाही" हे मला मान्यच नाही. १९५६ साली मद्रासमध्ये १९३ टीबीच्या पेशंटवर चाचणी सुरू झाली. अर्ध्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, अर्ध्यांना त्यांच्या झोपडीत, गर्दीत, कमी जेवणावर, फक्त गोळ्या देऊन. घरी राहिलेलेही जवळपास तितकेच बरे झाले. जगभरातली सॅनेटोरियम ओस पडायला हा अभ्यास मोठं कारण ठरला. तितकं जुनं नको असेल तर कोविडचं घ्या. प्लाझ्मासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर आकांत चालला होता, लोक डोनर शोधत रात्री जागत होते, तेव्हा आपल्याच आयसीएमआरने ३९ सरकारी-खासगी रुग्णालयांत ४६४ पेशंटवर चाचणी केली. एप्रिल ते जुलै २०२०, तेही लॉकडाऊनमध्ये. प्लाझ्मा दिलेल्यांत आजार गंभीर होणं किंवा मृत्यू १९ टक्के, न दिलेल्यांत १८. तरी आपण पुढे कित्येक महिने प्लाझ्मा देत राहिलो, तो वेगळा संताप.

माझं म्हणणं साधं आहे. चाळीस कॉलेजांतल्या एकेका विद्यार्थ्याने आपापले पन्नास पेशंट एकाच प्रश्नाला दिले, तर दोन हजार होतात. थिओफायलिनच्या ब्रिटिश चाचणीपेक्षा जास्त. प्रश्न एक, प्रोटोकॉल एक, चिठ्ठ्या टाकणारं केंद्र एक. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या भागावर प्रबंध लिहावा आणि पुढच्या बॅचने त्याच पेशंटचा पाठपुरावा चालू ठेवावा. "थिसिस हे संशोधन शिकण्यासाठी असतं, निष्कर्षासाठी नाही," असं मला एका प्राध्यापकांनी ऐकवलं. शिकायचंच आहे तर खरी चाचणी कशी चालते ते शिकू दे की. दर वर्षी पन्नास माणसांच्या हाताला सुई टोचून मुलं फक्त एवढं शिकतात की पाठपुरावा न करताही पेपर छापून येतो. आणि प्राध्यापकांना बढतीसाठी पेपरांची संख्या मोजून दाखवावी लागते, तोवर विषय बदलणार नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे.

आता 'आमच्यावर प्रयोग' या भीतीबद्दल. ती उगाच आलेली नाही. या देशात चाचण्यांत माणसांची फसवणूक झाली आहे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावं लागलं. त्यानंतर २०१९ चे नियम आले. औषधाच्या चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई, नैतिकता समितीची परवानगी, तुम्हाला समजेल अशा भाषेत संमतीपत्र, हे त्यात आहे. तरी मला पेशंटना सांगायचं आहे की चाचणीला घाबरून पळू नका आणि डोळे मिटून सहीही करू नका. "स्टडीसाठी" म्हणत कुणी आलं की विचारा: यातून कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळणार आहे? माझा रिपोर्ट मला मिळेल का? निकाल कळवाल का? हा अभ्यास सीटीआरआयवर, म्हणजे सरकारी चाचणी-नोंदवहीत नोंदवला आहे का? ती नोंदवही कुणालाही इंटरनेटवर फुकट पाहता येते. मी नाही म्हटलं तर माझ्या उपचारात फरक पडेल का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असंच असलं पाहिजे. ते देताना समोरचा अडखळला, तर सही करू नका आणि युनिटच्या मोठ्या डॉक्टरांना भेटायला मागा.

त्या तरुण डॉक्टरवर मात्र ओरडू नका. विषय त्याने निवडलेला नसतो, आणि बहुधा तो काल रात्रीपासून जेवलेला नसतो.