अंगावरून जाणे अंगावर काढू नका

मैत्रिणींनो, अंगावरून पांढरं जातं, खाज सुटते, आग होते. पण सांगायचं कोणाला? सासूबाई म्हणतात, "उष्णता झाली असेल, सब्जा घे." डॉक्टरांकडे जायची लाज वाटते. पण या दुखण्याचा एच.आय.व्ही.शी, म्हणजे एड्सच्या विषाणूशी, असलेला संबंध कळल्यावर मला काही गप्प बसवेना.

योनीचं अस्तर अनेक थरांचं, तसं चिवट असतं. विरजणातल्या जंतूंच्या जातकुळीतलेच काही चांगले जंतू तिथे आंबटपणा राखतात, आणि तो विषाणूला मानवत नाही. (म्हणून कोणी तिथे दही लावू नये, ते खायलाच ठेवा!) गर्भाशयाच्या मुखाच्या आतल्या बाजूला मात्र अस्तर एकेरी आणि नाजूक. या अस्तरात आणि त्याखाली शरीराचे शिपाई, म्हणजे पांढऱ्या पेशी, पहाऱ्यावर असतात. त्यांतल्या काहींच्या अंगावर 'सीडी ४' आणि 'सीसीआर ५' अशा दोन कड्या असतात. त्याच धरून विषाणू आत शिरतो, पेशीच्या जनुकांत आपली जनुकं मिसळतो, आणि मग ती पेशीच त्याच्या प्रती काढत बसते. चोरानं चौकीतच बिऱ्हाड थाटावं, तसं! काही दिवसांत तो अंगभर पसरतो.

आता, जंतुसंसर्गानं तिथे दाह झाला की शरीर आणखी शिपाई धाडतं. विषाणूला हव्या त्याच पेशींची तिथे गर्दी होते. शिवाय फोड किंवा चिरा असल्या, तर वाटही मोकळी.

"आम्ही घरंदाज, आम्हाला काय त्याचं?" असं म्हणू नका. पुण्यात १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या, शरीरविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रिया तपासल्या, तेव्हा शंभरात जवळजवळ चौदाजणींना लागण आढळली. हा आकडा दवाखान्यात आलेल्यांचा, सगळ्या बायकांचा नव्हे. पण नवऱ्याखेरीज दुसरा पुरुष ठाऊक नसलेल्या विवाहिताही त्यांत होत्या!

थोडं पातळ, वास नसलेलं पांढरं जाणं स्वाभाविक आहे. पण दुर्गंधी, दह्यासारखा स्राव, खाज, फोड असं काही असलं तर डॉक्टरांना दाखवा. काही आजारांत नवऱ्यानंही औषध घ्यावं लागतं, नाहीतर पुन्हा तेच. आतून साबणानं किंवा जंतुनाशकानं धुऊ नका, चांगले जंतू मरतात. मात्र औषधानं खाज गेली म्हणजे एच.आय.व्ही.ची भीती गेली असं नाही. त्याला निरोधच हवा. नवऱ्याकडे हा विषय काढणं किती अवघड, हे मी जाणते. तरी शंका असेल तर दोघांनी मिळून सरकारी रुग्णालयात रक्त तपासून घ्या. तपासणी मोफत होते आणि गुप्त राहते. संबंध नुकताच आला असेल, तर ७२ तासांच्या आत सुरू करायच्या गोळ्या असतात. तेव्हा थांबू नका. लागण निघालीच, तर औषधंही सरकारी केंद्रात मोफत मिळतात. ती नेमानं घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. घरात बोलायची सोय नसेल, तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा.