बरणींतील कोळी

मनुष्यास कांहींतरी छंद असावा, हें आम्हांस मान्य आहे. कोणी पोस्टाचीं तिकिटें जमवितो, कोणी जुनीं नाणीं, कोणी शंखशिंपले. परंतु अलीकडे शहरांतील कित्येक तरुणांस टॅरांटुला नांवाच्या थोरल्या केसाळ कोळ्यांचा संग्रह करण्याचा नाद लागला आहे. एकेका पेटींत एकेक, असे दहा-वीस जातींचे जिवंत कोळी कपाटांत मांडून ठेवावयाचे! यास लोक वेड म्हणतात. आम्ही तसें म्हणत नाहीं. मात्र या विषयावर चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें, कारण त्याशीं आमच्या एका अपराधाची आठवण निगडित आहे.

आमचें अंबड आतां गांव राहिलें नाहीं. एका अंगास कारखाने, दुसऱ्या अंगास सिडकोची वस्ती. कांहीं वर्षांपूर्वीं शेजारीं इमारतीचा पाया खणतांना रेशमाचें अस्तर असलेल्या बिळांतून एक मोठा कोळी निघाला. मजूर फावडें उगारणार, तोंच आम्हीं तो बरणींत घेतला व मोठें पुण्य जोडलें असें मानिलें. महिनाभर त्यास झुरळें व नाकतोडे घातले. पुढें त्यानें खाणें टाकिलें. आणि एके सकाळीं पाहतों तों तो पाय वर करून उताणा पडलेला! मेला असें समजून आम्हीं तो उकिरड्यावर टाकिला. नंतर एका पुस्तकांत वाचण्यांत आलें कीं, हा कोळी कात टाकतांना अन्न सोडतो व असाच उताणा पडून राहतो. त्याच्या आयुष्यांतील अत्यंत नाजुक घटकेस आम्हीं त्यास मुंग्यांच्या स्वाधीन केलें होतें. फावड्यानें जें झालें असतें, तेंच आमच्या दयेनें झालें.

यावरून आमचें पहिलें म्हणणें असें कीं, ज्ञानावांचून केलेली दया निष्ठुरतेहून फारशी निराळी नसते. कांहीं जातींची मादी वीस वर्षें व त्याहूनही अधिक जगते. नर मात्र वयांत आल्यावर थोडक्याच काळांत मरतो. हातभर उंचीवरून पडला तरी त्याचें पोट फुटूं शकतें. अमेरिका खंडांतील पुष्कळ जाती पोटावरील केस झाडून शत्रूचे डोळे व कातडी चुरचुरवितात. आज शाळेंत असलेला मुलगा जी मादी हौसेनें आणील, तिचा सांभाळ त्यास संसारांत पडल्यावरही करावा लागेल. इतक्या दीर्घ काळाचें वचन आपण एका हौसेपायीं द्यावें काय?

दुसरें म्हणणें असें कीं, विविध जातींच्या संग्रहाची हांव रानास महाग पडते. आंध्रांतील गुत्ती येथें रेल्वेच्या लाकडांच्या वखारींत सांपडलेल्या एका सुंदर निळ्या कोळ्याचें वर्णन पोकॉक यांनीं 1899 सालीं केलें. पुढें शंभर वर्षें तो कोणास आढळला नाहीं. 2001 सालीं तो नंद्याल व गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या जंगलांत पुनः दिसला, आणि 2008 सालीं त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली. आज युरोप-अमेरिकेंतील शौकिनांच्या घरीं त्याची पैदास होते. परंतु त्याचें स्वतःचें रान मात्र तुटत चाललें आहे. उलट दिशेनेंही व्यापार चालतोच. 2021 सालीं चेन्नई येथें पोलंडहून आलेलें टपालाचें एक पुडकें कस्टम्सनें उघडलें, तेव्हां कापसांत व रुपेरी कागदांत गुंडाळलेल्या चिमुकल्या कुप्यांतून 107 जिवंत कोळी निघाले! 2019 सालीं हा निळा कोळी ज्या कुळांतला, तें सर्व कुळ आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाच्या यादींत आलें. आपल्या सह्याद्रींतील ढोलींत राहणारा त्याचा एक भाऊबंदही त्यांतच आला. आणि आपल्या देशाच्या वन्यजीव कायद्यांत 2022 सालीं झालेल्या दुरुस्तीनें अशा यादींतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यानें सरकारदरबारीं नोंद करणें आवश्यक झालें आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, घरीं वाढविलेल्या पिलांनीं रानाची लूट थांबते, व पाळणाऱ्यांच्या निरीक्षणानें ज्ञानांत भर पडते. हें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. कोळी दिसतांच चप्पल उचलणाऱ्या शंभर जणांपेक्षां त्याकडे तासभर टक लावून बसणारा एक मुलगा आम्हांस अधिक प्रिय आहे. परंतु एकाच कोळ्याची कायदेशीर व जाणती जोपासना निराळी, आणि जातींची संख्या मोजून मिरविणें निराळें. पहिली विद्या आहे. दुसरा लोभ आहे.

भागवतांत ज्या चोवीस गुरूंची कथा आहे, त्यांत कोळीही आहे; आणि रॉबर्ट ब्रूसला धीर देणाऱ्या कोळ्याची गोष्ट तर शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. पण त्या दोघांनींही आपला गुरु बरणींत कोंडला नव्हता! म्हणून, विद्यार्थिमित्रहो, कोठें कोळ्याचें बीळ दिसल्यास त्यांत काडी घालूं नका. वही-पेन्सिल घेऊन दूर बसा. तो केव्हां बाहेर येतो, काय धरतो, दार कसें विणतो, तें टिपून ठेवा. पाया खणतांना कोळी निघाला तर जाणत्या माणसास विचारा व त्यास जवळच्याच निवांत बांधावर सोडा. आमच्या त्या बरणींत आतां लोणचें आहे. आणि तिचें तेंच योग्य काम आहे, असें आमचें मत आहे.