घरचा संगणक : नक्कल कशी ठेवावी?

दुधाचा हिशेब, पीककर्जाचे कागद, लग्नाचे फोटो आता संगणकातच असतात. डिस्क बिघडली की सारे गेले.

डिस्क बदलायची असेल तर ‘क्लोनझिला’ हा फुकट प्रोग्राम उत्तम. पेनड्राइव्हवरून चालतो, दिसायला रुक्ष, पण कामाला चोख. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठीच घ्यावी. जुनी कोणती, नवी कोणती हे दोनदा पाहावे. उलट झाले तर कोरी डिस्क भरलेलीवर उतरते! ‘मॅक्रियम रिफ्लेक्ट’च्या फुकट आवृत्तीला १ जानेवारी २०२४ नंतर दुरुस्त्या मिळत नाहीत, ती आता नको.

रोजच्या कागदांसाठी मात्र एवढा खटाटोप कशाला? दर आठवड्याला बाहेरच्या हार्डडिस्कवर नक्कल उतरवावी आणि ती काढून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली तर व्हायरस तिलाही लागतो. अधूनमधून त्यातली एखादी फाइल उघडून पाहावी.