पुडीवर नाव लिहा

लावणीच्या दिवसांत मावशी बांधावर टेकली ती उठेचना. मासवणला सूर्या नदीजवळ तिची थोडी भातजमीन आहे. पाऊस लागलेला, हातात आवणाची मूठ तशीच. डोकं गरगरतंय, डाव्या हाताला मुंग्या येतायत, एवढंच म्हणाली. शेजाऱ्याच्या इकोत घालून तिला सरकारी रुग्णालयात नेलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी बीपी बघितलं, वरचा आकडा 200 च्या पुढे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

मावशीने कमरेचा बटवा सोडला. आत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागदाची पुडी. तिने ती तळहातावर उलटी केली. "ही पांढरी सकाळची, ही पिवळी रातची, आणि ही अर्धी पाय सुजतात म्हणून." पांढऱ्या गोळीला दमट हवा लागून तिचा कडेने चुरा झाला होता. नाव कुणालाच माहीत नव्हतं. नऊ वर्षं बीपीची गोळी घेणाऱ्या बाईकडे त्या गोळीचं नाव लिहिलेला एक चिटोरा नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तिन्ही गोळ्या उजेडात धरून बघितल्या आणि बाजूला ठेवल्या. मग सगळं पहिल्यापासून सुरू केलं.

मावशी वाचली, हातही धड राहिला. पण त्या दिवसापासून ती पुडी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

पालघर, बोईसर, मनोर, कुठेही संध्याकाळी सातनंतर बघा. गाळ्यातला दवाखाना, बाहेर बाकड्यावर माणसं, एमआयडीसीतून सुटलेले कामगार, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. आत डॉक्टर एकटा. त्याच्या हाताला गुण आहे अशी लोकांची श्रद्धा असते आणि ती उगाच नसते. रात्री दहाला दार वाजवलं तर तोच उघडतो, पैसे नसले तर पुढच्या पगारावर ठेवतो, घरातल्या तीन पिढ्यांची दुखणी त्याला ठाऊक असतात. माझं भांडण या माणसाशी नाही. तो एमबीबीएस आहे की बीएचएमएस, हा वादही मी आज बाजूला ठेवते. 2014 साली कायदा बदलून राज्य सरकारने वर्षभराचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना ॲलोपॅथीची वाट मोकळी केली, तेव्हापासून तो चालूच आहे. माझं भांडण पुडीशी आहे, आणि पुडी सगळ्याच पदव्यांचे डॉक्टर बांधतात.

पुडीचं गणित सोपं आहे. तपासणी आणि तीन दिवसांचं औषध मिळून एकच रक्कम. तापाला, जुलाबाला, खोकल्याला हे चालून जातं. तीन दिवसांत माणूस बरा होतो, पुडी संपते, विषय संपतो. नुसती चिठ्ठी लिहून दिली तर पेशंटलाच वाटतं की डॉक्टरने काही दिलंच नाही, आणि मेडिकलवाल्याला वेगळे पैसे मोजायचे ते निराळेच. म्हणजे ही सवय दोन्हीकडून लागलेली आहे. पण तापासाठी घडवलेली ही रीत आपण जशीच्या तशी बीपीला, शुगरला, थायरॉइडला लावली. जी गोळी मरेपर्यंत घ्यायची, ती पाच-पाच दिवसांच्या पुडीत. दर पाच दिवसांनी गाडीभाडं, दर पाच दिवसांनी अर्धी हजेरी बुडवायची. लावणी आली, कापणी आली, घरात लग्न निघालं की फेरी चुकते आणि गोळी तुटते. मावशीची त्या जुलैत अकरा दिवस तुटली होती.

आता त्या चुऱ्याविषयी. बीपीच्या नेहमीच्या गोळ्यांत टेल्मिसार्टन नावाची एक आहे. ती हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून घ्यायच्या वेळेपर्यंत ती पाकिटातच ठेवावी अशी सूचना असते. आपल्याकडचा जून ते सप्टेंबर डोळ्यांसमोर आणा. मीठ डब्यात पाणी सोडतं. तिथे ही गोळी पाकिटातून काढून कागदात गुंडाळून द्यायची आणि बाईने ती भिजल्या लुगड्याच्या कनवटीला बाळगायची.

आणि ती पाय सुजण्याची अर्धी गोळी. पुढे घरात शोधाशोध करताना गादीखाली मावशीच्या एका पिवळ्या गोळीचं फाटकं पाकीट सापडलं. कधीतरी डॉक्टरकडच्या पोराने चुकून पाकिटासकट दिली असावी. त्यावर अम्लोडिपिन हे नाव निघालं. चांगली, जुनी, स्वस्त गोळी, सरकारी केंद्रांतही हीच देतात. पण डोस वाढला की काही जणांचे घोटे सुजतात, हा या औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. मावशीचे घोटे सुजले, तर त्यावर लघवी वाढवणारी दुसरी गोळी चढली. त्या गोळीने शेतात दर तासाला आडोसा शोधावा लागे, म्हणून कामाच्या दिवशी ती बाकीच्याही सोडून द्यायची. आपल्याला त्रास नेमका कुठल्या गोळीचा होतोय, हे तिला कसं कळणार? डॉक्टरीणबाईंनी नाव बघितलं, डोस निम्मा केला, जोडीला दुसरी गोळी दिली. महिन्याभरात घोटे उतरले.

सांधेदुखीच्या आणि दम्याच्या पुड्यांचं तर आणखी अवघड आहे. "एका दिवसात फरक" देणाऱ्या बारीक गोळीत स्टिरॉइड असू शकतं. ते महिनोन्महिने चाललं की शुगर चढते, हाडं ठिसूळ होतात, आणि एकाएकी बंद केलं तर माणूस कोसळू शकतो. नाव ठाऊक नसलेल्या माणसाने ते बंद केलं, तर पुढच्या डॉक्टरने काय ओळखायचं?

कायदा काय म्हणतो, तेही सांगते, कारण पेशंटला ते कुणी सांगत नाही. डॉक्टरने आपल्या पेशंटला स्वतः औषध द्यायला मनाई नाही. औषध व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या परिशिष्ट 'के'मध्ये तशी सूट आहे. पण ती सूट अटींवर आहे. चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांवर डॉक्टरचं नाव-पत्ता आणि डोस लिहिलेला हवा, आणि औषधाचं नाव, पेशंटचं नाव, तारीख यांची नोंद वहीत हवी. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार पेशंटने आपले कागद मागितले तर ते 72 तासांत द्यायचे असतात. औषधाचं मूळ नाव, वाचता येईल अशा अक्षरात, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहावं, ही दुरुस्ती 2016 ची. 2023 च्या ऑगस्टमध्ये नव्या नियमांनी मूळ नावाची सक्ती आणली आणि तीन आठवड्यांत ते नियमच स्थगित झाले. कंपन्यांची नावं की मूळ नावं, हा झगडा मोठा आहे, तो डॉक्टर आणि सरकारने खुशाल लढावा. मी त्याच्या आधीच्या पायरीवर उभी आहे. मला कुठलं का होईना, एक नाव हवं आहे.

हे आपल्याकडे जमणार नाही असं म्हणू नका. 2017 च्या नोव्हेंबरात बीपी आटोक्यात आणण्यासाठी इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह सुरू झालं. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्यात काही अचाट नव्हतं. ठरलेल्या दोन-तीन गोळ्या, ठरलेल्या क्रमाने. पेशंटचं कार्ड. एका वेळी तीस दिवसांचं औषध, तेही घराजवळच्या केंद्रातून. गाळ्यातल्या डॉक्टरला यातलं काय अशक्य आहे? तपासणीचे पैसे त्याने वेगळे घ्यावेत, उघड घ्यावेत, आणि आपणही ते कुरकुर न करता द्यावेत. त्याच्या ज्ञानाचे पैसे गोळीच्या आडून देण्यात त्याचाही मान नाही.

नावाशिवाय चालणारी औषधं घरातही असतात. बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या जांभळाच्या बियांची पूड इथे शुगरवर घरोघर घेतात. मावशीही घेते. मी तिला अडवत नाही, फक्त तेही डॉक्टरांना सांग म्हणते.

रुग्णालयातून आल्यावर आठवड्याने मी मावशीला घेऊन तिच्या जुन्या डॉक्टरांकडे गेले. भांडायला नाही. नवीन गोळ्या दाखवल्या आणि म्हटलं, "डॉक्टर, इथून पुढे जे काही द्याल ते लिहून द्या, पाकिटासकट द्या, महिन्याचं द्या." ते क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "लोक मागतच नाहीत हो." लेटरहेड शोधायला त्यांना ड्रॉवर उपसावा लागला. लिहायला दोन मिनिटं लागली. मोठ्या अक्षरात, दोन ओळी, खाली सही आणि तारीख.

तो कागद मावशी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवते. भाद्रपदात ती चार दिवस लेकीकडे बोईसरला म्हणून गेली आणि दहा दिवस राहिली. गोळ्या संपल्या. जावई दुसरी शिफ्ट करून येताना कागद दाखवून स्टेशनजवळच्या मेडिकलमधून दोन्ही पाकिटं घेऊन आला.

"नाव वाचून दिली त्याने," मावशी मला फोनवर सांगत होती. "रंग नाय विचारला."