शिबिराला एकदा घाट उतरू द्या

मा. जिल्हाधिकारी, बुलढाणा, मा. संचालक, राष्ट्रीय सेवा योजना, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, आणि जिल्ह्यातले सर्व कार्यक्रम अधिकारी,



आपल्याकडे माणूस कुठला हे विचारताना आधी ‘घाटावरचे का घाटाखालचे?’ असं विचारतात. राजूर घाट उतरला की बोलण्यात वऱ्हाडी ठसका येतो. जळगाव जामोद, संग्रामपूरच्या पल्याड सातपुड्यात कोरकू, भिलाला, निहाल. लोणार-मेहकरकडे बंजारा तांडे. तालुके तेरा, पण एकमेकांची ओळख बाजाराच्या दिवसापुरती.

ही ओळख वाढवायची सोय सरकारनंच करून ठेवली आहे. 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे ‘रासेयो’, सुरू झाली. दोन वर्षांत 240 तासांचं काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. पण होतं काय? महाविद्यालयाजवळचंच दत्तक गाव. वर्गात एका बाकावर बसणारी पोरं शाळेच्या खोलीत एका सतरंजीवर झोपतात. सकाळी प्रभातफेरी, मग शोषखड्डा, दुपारी बौद्धिक, शेवटी फोटो आणि अहवाल. जेवणाला आचारी.

आचाऱ्यावरून आठवलं. आमच्या शिबिरात तिसऱ्या दिवशी तो आजारी पडला आणि चूल आमच्याकडे आली. गट चिठ्ठ्या टाकून पाडले. त्या संध्याकाळी तिघांना एकदम उपास निघाला. कसला उपास ते सगळ्यांना कळत होतं, कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत श्रमदान झालं, भूक लागली, आणि त्यातलाच एक जण ठेचा आणखी मागू लागला. भाकरी कोणी थापली हे त्यानं विचारलं नाही. सात दिवसांतली सारी बौद्धिकं मी विसरलो, हे तेवढं राहिलं.

म्हणून मागणी अशी: वर्षातून निदान एक शिबिर संयुक्त करा. एक महाविद्यालय घाटावरचं, एक घाटाखालचं, एक सातपुड्याच्या पायथ्याचं. गट चिठ्ठीनं पाडा, मित्रामित्रांचे नकोत. स्वयंपाक पोरापोरींनीच करायचा, दोघांनीही. संध्याकाळी पाहुण्यांच्या भाषणाऐवजी कोरकू मुलीला तिच्या भाषेत गोष्ट सांगू द्या, बाकीच्यांना अडखळू द्या. सानेगुरुजींच्या आंतरभारतीत प्रांताप्रांतांतली माणसं एकमेकांची भाषा शिकणार होती. आपल्याला तर बोथ्याचा घाटच ओलांडायचा आहे.

शक्य असेल तर हे शिबिर जानेवारीत सिंदखेड राजाला घ्या. 12 जानेवारी हा जिजाऊंचा जन्मदिवस आणि राष्ट्रीय युवक दिनही. तिथं त्या दिवशी व्यासपीठावरच्या पुढाऱ्यांची गर्दी दरवर्षीच असते. पोरांना समोरच्या गर्दीत पाण्याचं, वाटा दाखवण्याचं काम द्या.

मुलींच्या घरी मात्र नुसती सूचना पाठवू नका. बाई अधिकारी स्वतः जाऊन आईशी बोलल्या तरच पोरगी येते.

पैशाचं म्हणाल, तर आचाऱ्याचे वाचतील. ते एसटीच्या भाड्याला लावा.

आपला,
एक जुना स्वयंसेवक, मोताळा