पोपटाचं पिल्लू आणि भरवण्याचा हट्ट

पोपट पाळायचा म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो असा : पिल्लू होईल तितकं लहान आणा. अंगावर पिसं फुटायच्या आत घरी आणून आठवडा-दोन आठवडे नव्हे, चांगलं महिना-दीड महिना स्वतःच्या हाताने सिरिंजने भरवा. मग ते तुम्हालाच आई समजतं आणि जन्मभर खांद्यावरून उतरत नाही. दाणे खायला लागलेलं पिल्लू म्हणे वाया गेलेलं, ते कधी आपलं होत नाही. सन कॉन्युअर असो, कॉकाटेल असो की आफ्रिकन ग्रे, विकणारा हे सांगतो आणि घेणारा पुढच्या घेणाऱ्याला सांगतो. हा सल्ला साफ चुकीचा आहे, आणि त्याचे भोग पिल्लाच्या वाट्याला येतात.

आधी माणसाळण्याचाच मुद्दा घेऊ. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत अ‍ॅमेझॉन पोपटांवर झालेला एक प्रयोग 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पिल्लं आईबापांजवळ घरट्यातच ठेवली होती आणि भरवायचं कामही आईबापच करत होते. माणसं रोज थोडा वेळ पिल्लांना हातात घेत, एवढंच. अशी हाताळलेली पिल्लं न हाताळलेल्या पिल्लांहून कितीतरी अधिक माणसाळलेली निघाली. पोपट सरावतो तो रोजच्या शांत स्पर्शाला. त्या हातात सिरिंज असायलाच हवी, हे कुठून आलं? याचं एक उत्तर उघड आहे. न भरवता विकलेल्या पिल्लामागे विकणाऱ्याचा फॉर्म्युला, म्हणजे भरवायचं पातळ खाद्य, वाचतो, रात्रीची जागरणं वाचतात, आणि पुढे पिल्लू दगावलं तर दोष भरवणाऱ्याच्या माथी जातो.

नवख्या हातातली सिरिंज काय करते ते पाहा. फॉर्म्युला साधारण 39 ते 41 अंश सेल्सिअसला द्यायचा असतो. तो गार झाला तर गळ्याखालच्या पिशवीत, म्हणजे क्रॉपमध्ये, पडून राहतो, आंबतो, त्यात बुरशी माजते. जास्त गरम असला तर क्रॉप आतून भाजतो. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेल्या फॉर्म्युल्यात मधेच एखादा भाग कढत राहतो आणि वरून बोट लावणाऱ्याला तो कळतही नाही. वाईट म्हणजे, भाजलेलं त्या दिवशी दिसत नाही. काही दिवसांनी गळ्यापाशी कातडीवर खपली धरते, ती सुटते, आणि भरवलेलं त्या भोकातून छातीवर ओघळायला लागतं. श्वासनलिकेचं तोंडही जिभेच्या मुळाशीच असतं. पिल्लू मागत नसताना, गिळत नसताना सिरिंज दाबली की फॉर्म्युला थेट फुप्फुसाकडे. ‘व्हिडिओ बघून जमतं हो,’ असं म्हणणारे भेटतात. काहींना जमतंही. अनाथ पिल्लांना हाताने भरवण्यावाचून इलाज नसतो आणि ते कसब असलेले पक्षीपालक आहेतच. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते कसब त्यांच्या शेजारी बसून शिकावं. विकत आणलेल्या पहिल्याच जिवावर हात साफ करू नये.

दुसरा दावा दुकानातला : ‘बघा कसं गुबगुबीत, किती शांत बसलंय!’ पक्षी आजार लपवतात. रानात जो अशक्त दिसतो तोच आधी उचलला जातो, त्यामुळे लक्षणं दिसू लागतात तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. पिसं फुगवून कोपऱ्यात डोळे मिटून बसलेलं पिल्लू गोजिरवाणं दिसतं खरं, पण त्याची काळजीच वाटायला हवी. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. ते सुरीच्या धारेसारखं टोचलं तर पिल्लू खंगलेलं आहे, पिसांचा फुगारा काहीही सांगो. श्वासागणिक शेपटी वरखाली होते का, नाकपुड्या चिकट आहेत का, पाय दोन्हीकडे फाकलेत का, हे बघा. विष्ठेत तीन भाग ओळखू येतात : घट्ट मळ, पांढरा भाग आणि पाणी. त्यातला पांढरा भाग हिरवट-पिवळा असेल तर यकृताचं दुखणं किंवा सिटाकोसिस हा पोपटांमधला संसर्ग असू शकतो. आणि जमलं तर सकाळच्या पहिल्या घासाच्या आधी जा. रात्रीचं अन्न सकाळपर्यंत क्रॉपमधून पुढे गेलेलं असायला हवं. विकणारा नेमका दुपारी, भरवून झाल्यावर बोलावतो. तेव्हा भरलेला गळा सगळंच झाकतो.

अर्थात डोळ्यांना दिसत नाही असंही बरंच असतं. पॉलिओमा विषाणूने काल पोटभर जेवलेलं पिल्लू आज सकाळी मेलेलं सापडतं. चोच आणि पिसं सडवणाऱ्या पीबीएफडी या आजाराचा सर्कोव्हायरस वरकरणी ठणठणीत पिल्लातही असू शकतो. या दोन्हींची पीसीआर तपासणी होते. सिटाकोसिस तर माणसालाही होतो : ताप, खोकला, न्यूमोनिया. 1929-30 मध्ये दक्षिण अमेरिकेतून जहाजांनी आलेल्या पोपटांबरोबर तो युरोप-अमेरिकेत पसरला आणि अनेक देशांनी पोपटांच्या आयातीवर बंदी घातली. घरात म्हातारी माणसं किंवा गरोदर बाई असेल तर ‘आमचं पिल्लू गॅरंटीड’ हे वाक्य पुरणार नाही.

मग करायचं काय? पिल्लू आपलं आपण दाणे, फळं, भाज्या खायला लागेपर्यंत थांबायचं. कॉकाटेल किंवा कॉन्युअरला साधारण दोन-अडीच महिने लागतात, आफ्रिकन ग्रेला त्याहून बरेच जास्त. ‘दोन दिवसांत दाणे फोडेल’ असं सांगून उपाशी ठेवलेलं पिल्लू म्हणजे भरवणं सुटलेलं पिल्लू नव्हे. विकणाऱ्याकडे रोज सकाळच्या वजनाची, ग्रॅममधली वही मागा. भरवणं सुटताना वजन थोडं उतरतंच. उतरतच राहिलं तर घेऊ नका. पक्ष्यांचं काम करणाऱ्या पशुवैद्याकडून तपासणी पैसे देण्याआधी करून घ्या. घरी दुसरा पक्षी असेल तर नव्याला किमान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा. कॉन्युअर आणि ग्रे यांची 2024 च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, तीही विचारा. आणि आपला हिरवा, लाल चोचीचा, कंठवाला पोपट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याचं पिल्लू कितीही निरोगी असलं तरी विकत घेणं गुन्हाच आहे.

उरला दयेचा मुद्दा. ‘आपण नाही घेतलं तर ते आजारी पिल्लू मरेल.’ कदाचित मरेल. पण पैसे मोजून ते आणलं की त्याच पिंजऱ्यात पुढच्या आठवड्यात तसंच दुसरं येतं, कारण पहिलं खपलं. वजनाची वही दाखवायला किंवा तपासणीला जो विकणारा नाही म्हणेल, त्याच्याकडून रिकाम्या हाताने परत या.