मातृत्वाचा काळ कोणी ठरवावा?

मुलीने शिकावे, पदवी घ्यावी, स्वतःच्या पायावर उभे राहावे, असे आज आपल्या घराघरांतून आग्रहाने सांगितले जाते व ते योग्यच आहे. परंतु शिक्षण आणि नोकरी यांत तिशी उलटली की तेच घर तिला विचारू लागते, "आता मूल कधी?" या पेचात सापडलेल्या स्त्रीपुढे विज्ञानाने स्त्रीबीजे गोठवून ठेवण्याचा मार्ग ठेविला आहे. त्याकडे भाबडेपणाने पाहू नये, तद्वतच लोकलज्जेस्तव पाठही फिरवू नये.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजांडकोशांत सुमारे १० ते २० लक्ष बीजे असतात. वयात येईपर्यंत त्यांतील ३ ते ४ लक्ष उरतात, आणि पस्तिशीनंतर त्यांची संख्या व कस ही दोन्ही वेगाने उतरतात. म्हणून ती तरुणपणीच काढून ठेवावयाची. त्यासाठी दहाबारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात. नंतर भूल देऊन सुईने बीजे काढतात व अतिशीघ्र गोठवून उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवितात. गोठविलेल्या बीजापासून पहिली प्रसूती १९८६ साली ऑस्ट्रेलियात झाली.

परंतु गोठविलेले बीज म्हणजे पदरात पडलेले मूल नव्हे. काही बीजे पूर्ववत करताना नष्ट होतात, काही फलित होत नाहीत, काही गर्भ रुजत नाहीत. बीज तरुण राहिले तरी शरीराचे वय थांबत नाही. उशिराच्या गरोदरपणात रक्तदाब व मधुमेह यांचा धोका वाढतोच. जाहिरातींतून या गोष्टी ठळकपणे सांगितल्या जात नाहीत, म्हणून त्या येथे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कायद्याने आपल्याकडील स्त्रीस या बाबतीत न्याय दिला आहे. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यान्वये २१ ते ५० वर्षे वयाच्या स्त्रीस ही सेवा घेता येते. ती विवाहित असावी अशी अट नाही. साठवणुकीची मुदत मात्र १० वर्षांची आहे. हा हक्क क्षुल्लक नव्हे. चीनमध्ये बीजिंगच्या एका अविवाहित स्त्रीस रुग्णालयाने बीजे गोठविण्यास नकार दिला, तेव्हा तिने न्यायालयात दाद मागितली. २०२४ साली तिचे अपीलही फेटाळले गेले.

तथापि, ज्या हक्काची किंमत लाखाच्या घरात जाते, तो कष्टकरी घरातील मुलीच्या हाती कसा यावा? कर्करोगाच्या उपचारांनी जिची बीजे नष्ट होण्याचा संभव असतो, तिच्या बाबतीत तरी ही सोय सरकारी रुग्णालयांतून मिळालीच पाहिजे. अशा रुग्णाच्या आप्तांनी उपचार सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांस याविषयी विचारावे.

आणखी एक प्रश्न उरतो. २०१४ साली फेसबुक व ॲपल या अमेरिकन कंपन्यांनी नोकरदार स्त्रियांच्या बीजे गोठविण्याचा खर्च उचलण्याचे जाहीर केले. हे औदार्य दिसते खरे. परंतु त्यातून 'आधी आमचे काम, मग तुमचे मूल' असा अर्थ निघत असेल तर तो स्त्रीने का मानावा? १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती-साहाय्याच्या विधेयकास पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मातेचा भार तिच्या एकटीवर टाकला नव्हता. सरकार व मालक यांस त्यात वाटेकरी धरले होते. आज कायद्यात २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, परंतु घरकाम व शेतमजुरी करणाऱ्या आपल्या बहुसंख्य भगिनींच्या पदरात ती पडत नाही. जेथे रजा आहे, पाळणाघर आहे, आणि परतल्यावर जागा शाबूत आहे, तेथे अनेकींना बीजे गोठविण्याची गरजच भासणार नाही.

म्हणून मातापित्यांस आमचे सांगणे एवढेच की, मुलीने हा मार्ग धरिला तर तिला बोल लावू नका आणि न धरिला तर तिच्यावर लादूही नका. भगिनींनी सर्व माहिती घेऊन आपला निर्णय आपणच करावा; आणि तो निर्णय पैशाच्या वा नोकरीच्या धाकाने करावा लागू नये, यासाठी आपण सर्वांनी संघटितपणे झटावे.